कोर्टात जमा केलेली किल्ली

खोदलेला रस्ता बुजवण्याबाबतच्या आणखी एका स्मरणपत्राचा मसुदा करीत मी बसलो होतो, तेव्हा सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, जरा खाली येता का? हे खुर्चीतून उठत नाहीयेत." आवाजात घाई नव्हती. पान वाढून ठेवले आहे आणि माणूस वर्तमानपत्र सोडत नाही, अशा रोजच्या तक्रारीचाच तो सूर होता. मी पेनाला टोपण लावले, चपला घातल्या आणि जिना उतरून टिळेकरांच्या घरी गेलो. माधवराव गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत होते. चष्मा घसरून छातीवर आला होता, हाताशी ताकाचा अर्धा पेला होता. मी त्यांना हाक मारली नाही. हाकेचा उपयोग नाही हे मला उंबऱ्यातूनच कळले होते. आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार हा, की या खोदलेल्या रस्त्यातून रुग्णवाहिका येणार कशी? ती आली. अगदी वेळेत आली, घाईचे काहीही कारण उरलेले नसताना.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ते स्मरणपत्र टेबलावर अर्धेच पडून आहे. ज्यांनी रस्ता खोदला त्यांच्यावरचा राग संपला आहे असे नाही. तो आहे, पण त्याला उठून उभे राहायचे त्राण उरलेले नाही. आमच्या वारज्यातल्या या इमारतीत मला ओळखणारे लोक मला 'पत्रवाले' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. एका सहकारी बँकेच्या विधी विभागात मी आयुष्य काढले. काळा कोट कधी चढवला नाही, पण कलमे वाचायची आणि ती दुसऱ्यांना वाचून दाखवायची सवय लागली ती सुटली नाही. अशा माणसाला म्हातारपणी मित्र मिळणे अवघडच. मला तो मिळाला, आणि तोही माझ्याच एका तक्रारअर्जामुळे.

माधवराव आमच्या इमारतीत नव्याने राहायला आले होते. एका रविवारी भल्या सकाळी पार्किंगमधून असा काही आवाज आला, की माझ्या खिडकीची तावदाने थरथरली. मी सोसायटीच्या चिटणिसांना रीतसर पत्र दिले : सदर सदनिकाधारक निवासी आवारात टू-स्ट्रोक इंजिनाचे वाहन सुरू करून शांतताभंग करीत आहेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी. त्याच संध्याकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात एक उंच, वाळक्या अंगाचा गृहस्थ, हातात माझ्या पत्राची प्रत. "पत्र उत्तम आहे," तो म्हणाला. "भाषा तर फारच उत्तम. पण गाडी फोर-स्ट्रोक आहे हो. चुकीच्या गाडीवर आरोप ठेवलात, तर मी निर्दोष सुटेन. तेवढं दुरुस्त करून द्या, म्हणजे मला गुन्हा कबूल करता येईल."

मी आयुष्यभर पत्रे लिहिली. त्यांतले एकही आरोपीने इतक्या काळजीपूर्वक वाचलेले नव्हते. मी त्यांना आत बसवले, त्यांच्यासमोरच दुरुस्ती केली, त्यांनी 'मिळाले' म्हणून सही केली, आणि पुढच्या रविवारपासून ती गाडी पार्किंगमध्ये कधीही सुरू झाली नाही. ते ती हाताने ढकलत फाटकाबाहेर नेत. माझ्या तक्रारीचे निवारण झाल्याची ही बहुधा पहिलीच घटना असावी, आणि ती घडवून आणली होती ती खुद्द प्रतिवादीने.

ती मोटारसायकल अशी होती, की पाहणाऱ्याला ती अपुरी वाटावी. टोळासारखी उंच आणि सडपातळ, आसन फळीएवढे अरुंद, टायरांवर रबराचे जाड जाड दात, आणि नंबरपाटी नाहीच. माधवराव शहराबाहेरच्या एका दुचाकी कारखान्यात इंजिनांच्या विभागात होते. उमेदीच्या काळात कंपनीने त्यांना युरोपातल्या एका डोंगराळ गावी पाठवले होते. जिथे ही गाडी बनते, ते गाव. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी ती मागवली तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढले, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. त्या कारखान्याविषयी ते बोलू लागले की एरवीचा त्यांचा तुटकपणा नाहीसा होई. डोंगराच्या पायथ्याशी दुरुस्तीचे एक छोटे दुकान, तिथून सुरुवात. गुळगुळीत रस्त्यांसाठी गाड्या करणारे पुष्कळ होते. यांनी रान, ओढे, दगडगोटे धरले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच केले. मधे एकदा कारखाना बुडायला आला, तेव्हा बाकी सगळे विभाग थंडावले, पण स्पर्धेच्या गाड्यांची शेड कामगारांनी बंद पडू दिली नाही म्हणे. आडरानातल्या शर्यतीत त्या काळी टू-स्ट्रोकचे राज्य होते. हलकी, तापट, धूर ओकणारी ती इंजिने. फोर-स्ट्रोक म्हणजे म्हैस, चढावर बसली की उठायची नाही, असे जुने स्वार म्हणत. या लोकांनी त्या म्हशीची हरणी करायचे मनावर घेतले. एकेका नटबोल्टाचे वजन उतरवत नेले. "वेग बिग सगळं नंतर," माधवराव म्हणत. "रानात गाडी कितीही चांगली असो, ती ओढ्यात पडतेच. आणि तिथे हाक मारायला कोणी नसतं. एकट्या माणसाला ती उचलून उभी करता आली पाहिजे. ही त्यांची व्याख्या. याच्यात बसली तर गाडी, नाहीतर भंगार."

आणखी एक रीत ते सांगत. तिथे ज्याने एखादा भाग कागदावर काढला, त्यानेच कारखान्यामागच्या डोंगरात गाडी नेऊन तो तपासायचा. मग इंजिनीअर असो की विभागप्रमुख. दुपारी ही मंडळी चिखलाने माखून परत येत, आणि खानावळीत चिखल लागलेल्या माणसाला आधी वाढण्याची प्रथा होती. माधवरावांनाही एकदा तसे आधी वाढले होते. एवढे सांगून ते विषय बदलत.

मी मात्र या प्रकाराकडे वळलो तो गाडीमुळे नव्हे, नियमांमुळे. मला वाटले होते, की ही निव्वळ धसमुसळेपणाची शर्यत असेल. तर तसे नाही. एंड्युरो, म्हणजे या आडरानातल्या शर्यतीत, प्रत्येक टप्प्याला वेळ नेमून दिलेली असते. उशिरा पोचलात तर दंड, आणि लवकर पोचलात तरीही दंड! वाटेत गाडी बिघडली, तर ती स्वाराने स्वतः, जवळ असलेल्या हत्यारांनिशी दुरुस्त करायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लवकर येणे हाही दोष मानणारा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. त्या दिवसापासून मी त्या यंत्राकडे आदराने पाहू लागलो, आणि पुढच्याच रविवारी घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि मनगटी घड्याळ घेऊन त्यांच्याबरोबर निघालो.

निघण्यापूर्वी मी कायदेशीर बाजू अर्थातच पक्की केली. स्पर्धेची गाडी, नोंदणी नाही. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ती चालवता येणार नाही. इंजिन बंद ठेवून ती ढकलत नेणे म्हणजे चालवणे नव्हे, असा माझा अभिप्राय मी त्यांना दिला. तेव्हा घरापासून टेम्पोपर्यंत ढकलत, टेम्पोतून धायरीच्या पलीकडे, आणि तिथे डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका खासगी पडीक जमिनीत, मालकाच्या लेखी परवानगीने, ती सुरू होई. मालक पांडुरंगआप्पा आम्हाला पाहून दुरूनच ओरडत, "काय सायेब, आज बी पडायचं हाय का?" यावर माधवरावांचे ठरलेले उत्तर : "पडल्याशिवाय रविवार वसूल कसा व्हायचा, आप्पा?" माझ्याकडे वळून ते म्हणत, "काय कोर्ट, घड्याळ लावलंत?" ते मला कोर्ट म्हणत. मला ते आवडत असे, हे मी त्यांना कधी कळू दिले नाही.

तिथेच ऋतुजा आली. आयटी कंपनीत नोकरी करणारी, स्वतःची साधी मोटारसायकल घेऊन डोंगर पालथे घालणारी मुलगी. "काका, मला ही शिकवा ना. म्हणजे प्रॉपर, बेसिकपासून," ती म्हणाली. त्यांनी पहिली अख्खी सकाळ तिला गाडी आडवी करायला आणि उचलायला लावली. "काका, चालवायची कधी?" "उचलता आली की." ती घामाघूम झाली, चिडली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली. काही महिन्यांनी तिने टप्पा नेमल्या वेळेआधी पूर्ण केला आणि मोठ्या आनंदाने माझ्या खुर्चीपुढे येऊन थांबली. मी दंड लावला. "सीरियसली, काका? लवकर आले म्हणून पेनल्टी?" मी म्हटले, "नियम आहे." मागून माधवराव म्हणाले, "पोरी, कोर्टाला दया नसते, फक्त थर्मास असतो. चहा माग."

मग त्यांचे हृदय बिघडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या कायमच्या लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की आता पडायचे नाही. साधे पडणेसुद्धा नाही. आत रक्तस्राव झाला तर थांबणार नाही. ज्या खेळात पडणे हाच पहिला धडा, त्या खेळातल्या माणसाला हे सांगितले गेले. ऋतुजा तिची जुनी गाडी घेऊन एकटी जाऊ लागली. माधवरावांची गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. ते मात्र रोज पहाटे उठत, खाली जात, ती पुसत, आणि वर येऊन चहा घेत.

या पुसण्याने वहिनींचा जीव खालीवर होऊ लागला. एक दिवस त्या माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही कायद्याचं बघता ना? मग त्यांना बंदी घाला." मी त्यांना समजावून सांगितले, की सज्ञान माणसाला त्याच्याच वाहनाला हात लावण्यापासून रोखण्याचा अधिकार मला नाही, सोसायटीला नाही, आणि पत्नीलाही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ते पहाटे दार ओढून खाली गेले की माझा डोळा लागत नाही. रात्रभरही लागत नाही, पहाट व्हायची आहे म्हणून. माझ्या झोपेसाठी एखादं कलम नाही का हो?"

तसे कलम नव्हते. पण हे संभाषण माधवरावांपर्यंत पोचले. कसे, ते मला ठाऊक नाही; बहुधा वहिनींनीच सांगितले असेल. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते दोघे माझ्याकडे आले. त्यांनी खिशातून एक किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "कोर्टात जमा," ते म्हणाले. "गाडीची किल्ली. सुमनच्या लेखी संमतीशिवाय परत द्यायची नाही. पोचपावती द्या." मी पोचपावती लिहिली. जमा करणाऱ्याची सही, स्वीकारणाऱ्याची सही, साक्षीदार म्हणून वहिनींची सही. इतके गंभीर काम मी बँकेतही फारसे केलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. "भाऊजी, काल किती दिवसांनी मेल्यासारखी झोपले हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखरच वेगळा दिसत होता.

ती किल्ली माझ्या कपाटाच्या तिजोरीत, निवृत्तिवेतनाच्या कागदांशेजारी राहिली. माधवराव भेटले की हटकून विचारत, "काय कोर्ट, मुद्देमाल शाबूत?" मी म्हणे, "सीलबंद." मला त्यांची कणव येई. रोज पहाटे ज्या गाडीला कपडा मारायचा, ती सुरू करणे आपल्या हाती नाही, ही केवढी शिक्षा! एकदा, हवा फार छान होती, मला राहवले नाही. मी म्हणालो, "माधवराव, आज फक्त जागेवर सुरू करून बघा. किल्ली देतो. वहिनींना मी सांगतो." "कोर्टानं असं विरघळू नये," ते म्हणाले. "सामान्य माणसाचा विश्वास उडतो."

ते गेल्यावर वहिनींनी ठरवले, की गाडी ऋतुजाला द्यायची. मूलबाळ नव्हते, त्यामुळे प्रश्न निर्माण करणारेही कोणी नव्हते. ज्या दिवशी ती न्यायला येणार होती, त्या दिवशी वहिनींचा निरोप आला : भाऊजी, किल्ली घेऊन या, माझ्या हाताने तिला देते. मी किल्ली घेऊन खाली उतरलो. वहिनी अजून आल्या नव्हत्या. टेम्पो फाटकाशी उभा होता आणि ऋतुजा गाडीजवळ उकिडवी बसून काही पाहत होती. मी म्हणालो, "किल्ली आणली आहे."

"कसली किल्ली, काका?"

"हिची."

ती उठली. माझ्या तळहातावरची किल्ली तिने पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. "काका, हिला किल्ली नसतेच. कॉम्पिटिशनची गाडी आहे ना. हे बटण. दाबलं की सुरू." हँडलवरचे करंगळीच्या पेराएवढे ते बटण तिने मला दाखवले. "आणि ही तर स्कूटरची आहे. त्यांची ती जुनी, विकलेली. दुसरी किल्ली घरी राहिली असेल."

इतकी वर्षे रविवारी मी त्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसलो. तिच्या मार्गाचा प्रत्येक नियम मला पाठ होता. वाहन म्हटले की त्याला किल्ली असणारच, हे मात्र मी तपासून न पाहता धरून चाललो होतो. मला संताप आला. त्या संतापाचे मी येथे वर्णन करीत नाही. मृत माणसावर इतके चिडता येते हे मला माहीत नव्हते. सीलबंद मुद्देमाल! मी भंगारातल्या स्कूटरची किल्ली तिजोरीत सांभाळली, आणि हा गृहस्थ जिन्यात मला तिची खुशाली विचारत होता. आणि मग मनात आलेली शंका मी बोलून दाखवली. "म्हणजे ते पहाटे... गाडी ढकलत बाहेर नेऊन... जात होते?"

ऋतुजा पुन्हा खाली बसली. मागच्या चाकावरून तिने बोट फिरवले. "हे बघा. हा टायर मीच आणून बसवला होता, ते आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात. नव्या टायरला रबराचे असे बारीक केस असतात, काका. एक चक्कर मारली तरी जातात." ते केस सगळे जागेवर होते. कोवळ्या लवेसारखे. "नाही गेले ते," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही."

मी तिथल्या कठड्यावर बसलो. त्यांना अडवणारे काहीच नव्हते... माझी तिजोरी नाही, पावती नाही, साक्षीदार नाही. रोज पहाटे ते हँडल पुसत, म्हणजे ते बटणही पुसत असणार. पुसत, आणि वर येऊन चहा घेत. आयुष्यभर माझी अशी धारणा, की माणूस जागेवर राहतो तो कुलपामुळे किंवा दंडामुळे. या एका इसमाबाबत ती धारणा टिकत नाही.

तेवढ्यात वहिनी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. गाडीच्या हँडलला त्यांनी कुंकू लावले. हात पुढे केला. "भाऊजी, किल्ली?" मी दिली. त्यांनी ती ऋतुजाच्या हातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. ऋतुजाने एकदाच माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "थँक्यू, काकू. जपून ठेवते." आणि इंजिन बंद ठेवून, नियमानुसार, तिने ती गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली.

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी हा लेख लिहायला मला सांगण्यात आले तेव्हा माझी कोंडी झाली. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवणे म्हणजे खोटे बोलणेच, हे मी असंख्य पत्रांत लोकांना सुनावलेले आहे. ही गोष्ट वगळून माधवरावांविषयी लिहिणे मला शक्य नव्हते. आणि वहिनींना ती छापील मजकुरातून कळावी, हे तर त्याहून अशक्य. गेल्या आठवड्यात मी खाली गेलो. त्या गवार निवडत होत्या. मी सगळे एका दमात सांगून टाकले, एखादे प्रतिज्ञापत्र वाचावे तसे. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे ते रोज खाली जायचे, तेव्हा..."

"हो."

"आणि मी निवांत निजलेली."

"हो."

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही स्कूटरच्या किल्लीची पोचपावती दिलीत."

"दिली."

त्या हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "मला नुसतं म्हणायचं होतं त्यांनी, की नाही जाणार म्हणून."

"तुम्ही विश्वास ठेवला असतात?"

त्यांनी एक शेंग उचलली, तिची शीर काढली, मोडली. "नाही," त्या म्हणाल्या. "नसता ठेवला. तुम्ही?"

"मीही नाही."

"मग लिहा तसंच."

परवा मला पहाटे जाग आली आणि झोप येईना, म्हणून मी खाली उतरलो. पार्किंगमध्ये, गाडी उभी असायची त्या रिकाम्या चौकोनाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वहिनी बसल्या होत्या. अंगावर शाल होती. मी विचारले, "इतक्या लवकर काय करताय इथे?" त्यांनी बोटाने मला गप्प राहायची खूण केली. सगळी इमारत झोपलेली होती. कुठे काही वाजत नव्हते, एखादे इंजिनसुद्धा नाही.

"हेच," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "तेव्हा मी झोपेत होते ना... ते आता ऐकून घेते."